वडिलांची मालमत्ता: मुलींनी आधीच काय तयार ठेवावं?

प्रतापनगरकर
बाबा 78, आई 72. आम्ही दोघी बहिणी, एक भाऊ. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लीजवरच्या, म्हणजे भाडेपट्ट्याच्या, प्लॉटवर घर, काटोलकडे चार एकर संत्र्याची बाग, दोन बँकांत एफडी, शिवाय कपाटात जुने कागदी शेअर. मृत्युपत्र नाही. भाऊ म्हणून राहिला, "नॉमिनी मी आहे, तुम्ही दोघी आत्ताच हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) लिहून टाका." भांडण नाही, पण न समजता सही करायची नाही. सुरुवात कुठून करू?

सातबारा_वाचक
ताई, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते, हिस्सा सगळ्या वारसांचा राहतो. शेअरबाबतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर बाबांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत आई आणि तिन्ही मुलं, प्रत्येकी पाव हिस्सा.

बाग वडिलोपार्जित असेल तर हिशेब बदलतो. तिथे 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, आहे. म्हणून आधी बागेचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. सातबाऱ्यावर नुसता फेरफाराचा नंबर दिसतो. जमीन खरेदीची की आजोबांकडून आलेली, ते फेरफारातच कळतं.

आता हक्कसोड. बाबांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत ते हयात असताना तुमचा हक्कच नाही, मग सोडणार काय? असा कागद टिकत नाही. त्यांच्या पश्चात करायचं झालंच तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच होतं, नुसती नोटरी चालत नाही. कोणाच्या लाभात सोडता ते नीट वाचा: आईच्या की भावाच्या? एकदा नोंदलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. आणि बागेचं हक्कसोड दिलं, दुसरीकडे कुठे सातबाऱ्यावर नाव नसलं, तर पुढे शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणाल? हे कोणी आधी सांगत नाही.

वर्धारोड_हिशेब
वरच्यांनी हक्काचं सांगितलं, मी कागदांचं. बाबांकडून नोंदणीकृत मृत्युपत्र करून घेणं सगळ्यात स्वस्त. नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार हवेतच, आणि ते लाभार्थी नसावेत.

कागदी शेअर बाबा असतानाच डिमॅट करा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात घ्या. सही जुळत नाही, पत्ता जुना, ही कामं त्यांच्या हयातीत सोपी. सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत गेलेले असू शकतात, तेही तपासा. एफडीला 1 नोव्हेंबर 2025 पासून टक्केवारी घालून चार नॉमिनी देता येतात.

घरासाठी नासुप्रची लीज संपली का, भूभाटक (जमिनीचं भाडं) थकलं का, ते बघा. मनपाच्या कराच्या पावतीवर नाव चढलं म्हणजे घर नावावर झालं असं नाही. नासुप्रचा नामांतराचा अर्ज वेगळा.

वारशाने मिळालं त्यावर कर नाही, विकलं की नफ्यावर लागतो. खरेदी किंमत बाबांचीच धरतात. 2001 आधीचं घर असेल तर 1 एप्रिल 2001 चं मूल्य घेता येतं. मूल्यांककाचा अहवाल आत्ताच करून ठेवा.

प्रतापनगरकर
धन्यवाद. बहिणीचं आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. अडेल का?

वर्धारोड_हिशेब
अडतंच. बँक आणि डिमॅटवाले तिथेच फाईल परत करतात. विवाह नोंदणीचा दाखला काढा, मग दोन्ही कागदांवर एकच नाव, तेही एकाच स्पेलिंगमध्ये. नावच पूर्ण बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी.

सातबारा_वाचक
एक राहिलं. वारसा मिळाला की तुम्ही दोघीही आपापलं मृत्युपत्र करा. हिंदू विवाहितेला मूलबाळ नसेल आणि मृत्युपत्रही नसेल, तर आईवडिलांकडून आलेलं माहेरी, म्हणजे वडिलांच्या वारसांकडे जातं. स्वतःच्या कमाईचं मात्र नवऱ्याकडे, तो नसेल तर त्याच्या वारसांकडे. स्वतःच्या आईचा नंबर त्यांच्यानंतर.