काळ्या मातीत पाऊसबाग: स्लॅबचं पाणी जिरवायचं कसं?

पागोळी
पुण्याच्या पूर्व भागात बैठं घर आहे. स्लॅब १,००० चौ. फूट. पावसाचं सगळं पाणी दोन पाइपांतून अंगणात पडतं आणि फाटकातून रस्त्यावर जातं. मागे १० × १५ फूट मोकळी जागा, जोत्यापासून ११ फुटांवर. वर अडीच फूट काळी माती, खाली मुरूम. झाकणाचा शोषखड्डा नको, झाडं लावलेला खोलगट वाफा, म्हणजे पाऊसबाग, हवी. रस्त्याकडेचं पावसाळी गटार जेमतेम दोन फूट खोल आहे. एवढी जागा पुरेल का? खोदाई किती करायची? आणि डासांचं काय?

मुरूम_खडी
आधी हिशेब. १,००० चौ. फूट म्हणजे ९३ चौ. मीटर. एक चौ. मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. २५ मिमीची सर धरली तर २,३०० लिटर, त्यातलं स्लॅबवर भिजून-उडून जाणारं वजा करता साधारण २,१०० हातात. तुमची जागा १५० चौ. फूट, म्हणजे १४ चौ. मीटर. तिच्यात १५ सेमी पाणी उभं राहिलं तर तेवढेच २,१०० लिटर. कडा उतरत्या ठेवल्यावर थोडं कमी मावतं, पण पाऊस चालू असताना जिरतंही. जागा पुरते.

खरा प्रश्न जागेचा नाही, मातीचा आहे. कुदळ मारण्याआधी दोन खड्डे घ्या, एक काळ्या मातीत आणि एक मुरमापर्यंत, दोन्ही तळाशी फूटभर रुंद. मे महिन्यात काळी माती भेगाळलेली असते. पहिल्यांदा भरलेलं पाणी भेगांतून गायब होतं आणि माणूस खूश होतो, पण तो आकडा खोटा असतो. खड्डा दिवसभर भरत राहा. माती फुगून भेगा मिटल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, पट्टी उभी करा आणि दर तासाला किती उतरलं ते लिहा.

पागोळी
केलं. काळ्या मातीत तासाला ४ मिमी. मुरमात तासाला ३० मिमी.

मुरूम_खडी
मग उत्तर मिळालं. काळ्या मातीच्या भरवशावर १५ सेमी पाणी जिरायला ३७ तास, आणि ऑगस्टमध्ये जमीन तुडुंब असताना त्याहून जास्त. मुरमापर्यंत जा. ३० चा आकडा गाळ बसल्यावर टिकत नाही, म्हणून हिशेबाला १५ धरा. वर उभं असलेलं आणि थरांत भरलेलं मिळून सगळं पाणी साधारण २०-२२ तासांत उतरतं.

खोदाई तीन फूट. खालून वर:
– मुरमाचा तळ टिकावाने उकरून खडबडीत ठेवा. जेसीबीच्या बकेटने तो चोपला गेला की वाट बंद.
– ४० मिमी खडी, ८ इंच. तुमच्या मापात एक ब्रास (१०० घनफूट).
– १० मिमी बारीक खडी, २ इंच.
– मिश्रण, १८ इंच. सव्वादोन ब्रास लागतं, बसतं म्हणून अडीच मागवा.
– वर २ इंच गोटे, आणि मोकळी राहणारी ६ इंच जागा पाण्याची.

मिश्रणात वाळू तीन भाग, पोयटा किंवा तांबडी माती एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग. खोदून निघालेली काळी माती ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून परत टाकतात, तिथेच निम्म्या पाऊसबागा मरतात. मुरमासकट सुटी माती सहा ब्रासच्या आसपास निघेल. उताराच्या बाजूच्या बांधाला थोडी वापरा, बाकीची उचलायची सोय आधी करा. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) घेणार असाल तर धुतलेली, प्लास्टरची नको. तिच्यातली भुकटी खाली जाऊन थर बुजवते.

ओळंबा
वरच्याशी सहमत. तीन गोष्टी जोडतो.

बरेच जण खडीत ४ इंची छिद्रांचा पाइप टाकून गटाराला जोडा सांगतात. इथे तो चालणार नाही. ४० मिमी खडीचा माथा जमिनीखाली २८ इंचांवर आणि गटाराचा तळ २४ वर, उतार उलटा. पावसात गटारच वाफ्यात शिरेल. मुरूम पाणी घेतोय, पाइप हवाच कशाला? तसंच मिश्रण आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड) अंथरू नका. बारीक कण त्याच्यावर साचून चादर बनते. १० मिमी खडीचा थर त्यासाठीच आहे.

दुसरं, सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. तासाला १०० मिमीच्या वेगाने पाऊस कोसळला तर तुमच्या स्लॅबवरून सेकंदाला अडीच लिटरच्या आसपास येतं. एक फूट रुंद सांडव्यावरून त्याचा थर ३ सेमीही होत नाही. म्हणून सांडव्याची कड गोट्यांच्या वर बरोबर ६ इंच आणि बाकीचा बांध त्याहून ३ इंच उंच. ही पातळी डोळ्याने नाही, गवंड्याच्या लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) घ्या. सांडवा घराच्या विरुद्ध बाजूला, पावसाळी गटाराकडे. मैल्याच्या चेंबरला जोडू नका.

तिसरं, जोतं. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि जोत्याला तेच नडतं. ११ फूट अंतर ठीक आहे, तरी घराकडच्या भिंतीला शेततळ्याचा ५०० मायक्रॉन कागद उभा लावा. फक्त त्या एका बाजूला. तळाला लावलात तर हौद झाला.

गवती_चहा
डासांबद्दल: एडिसच्या (डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या) अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. वाफा दिवसभरात रिकामा होत असेल तर तिथे डास होत नाहीत. होतात ते पाइपाखाली, पाणी वाफ्यात जाण्याआधी गाळ अडवणाऱ्या चेंबरमध्ये. २ × २ फुटांचं चेंबर कराच, पण तळ सिमेंटचा नको, खडीचा ठेवा. गाळ जूनच्या पहिल्या दोन सरींनंतर काढा, स्लॅबवरची आठ महिन्यांची धूळ तेव्हाच येते.

झाडं निवडताना लोक फक्त पाण्याचा विचार करतात. ही जागा वर्षातले आठ महिने कोरडी असते. वेखंड, कमळ इथे जगणार नाही. तळात वाळा (दीड-दीड फुटावर, मुळं खोल जातात आणि माती सैल ठेवतात) आणि कर्दळ. कर्दळ उन्हाळ्यात सुकली तर छाटा, कंदातून जूनमध्ये पुन्हा फुटते. उतारावर गवती चहा, काठावर अडुळसा, निर्गुडी. उंबर, करंज, बांबू जवळपासही नको.

पागोळी
उसाचं पाचट आच्छादन म्हणून चालेल का? फुकट मिळतंय.

गवती_चहा
तळात नाही. पहिल्याच सरीत तरंगून सांडव्यात अडकतं आणि पाणी बांधावरून जातं. काठावर पसरा.

ओळंबा
आणि पहिल्या वर्षी दोनपैकी एकच पाइप वाफ्यात सोडा. मुळं धरेपर्यंत दोन्हींचा झोत मिश्रण उकरून टाकतो. पाइपाच्या तोंडाशी दोन फूट लांबीत मोठे दगड लावा, मधल्या फटी सिमेंटने भरू नका.