न्यायाधीशाच्या दारातील बंदूक आणि सेनेटमधील मते

एडिसनकर (धागाकर्ती)

अमेरिकेतील न्यायाधीशांच्या जिवावर उठणाऱ्यांना दोष देण्याआधी, राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या न्यायाधीशांना मंजुरी देणाऱ्या सेनेटला (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाला) दोष द्यावा, कारण १९८७ साली रॉबर्ट बोर्क यांचे सर्वोच्च न्यायालयासाठीचे नामांकन फेटाळले गेले तेव्हाच हे विष पेरले गेले, अशा आशयाचा ‘घटनाप्रेमी’ यांचा लेख परवा येथे वाचला. दोन दिवस गप्प बसले, पण आता राहवत नाही.

मी न्यू जर्सीत राहते. १९ जुलै २०२० रोजी, रविवारी, पार्सल पोचवणाऱ्याच्या वेशात आलेल्या एका माणसाने आमच्या शेजारच्या नॉर्थ ब्रन्सविकमध्ये फेडरल न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घराची घंटा वाजवली. त्यांचा वीस वर्षांचा एकुलता एक मुलगा डॅनियल दार उघडायला गेला आणि गोळी लागून मरण पावला. पतीही गंभीर जखमी झाले. मारेकरी वकील होता, त्याचा खटला सालास यांच्यासमोर चालला होता आणि त्याच्या मनात स्त्रियांविषयी, विशेषतः त्यांच्याविषयी, विखार होता. सालास यांना २०११ साली सेनेटने मतविभागणी न घेताच मंजुरी दिली होती. मग येथे बोर्क कोठून आले?

फेडरल न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांना त्याच वर्षी ९६ विरुद्ध ० मतांनी मंजुरी मिळाली. मार्च २०२५ मध्ये त्यांनी एक निकाल सरकारच्या विरोधात देताच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांच्यावर महाभियोग चालवण्याची मागणी केली आणि सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांना जाहीर निवेदन काढून सांगावे लागले की निकाल पटला नाही म्हणून महाभियोग चालवायचा नसतो. एकमताने आलेला न्यायाधीशही जर एका दिवसात ‘शत्रू’ ठरत असेल, तर रोगाचे मूळ मतदानात नाही.

घटनाप्रेमी

आपल्या दुःखाविषयी आदर राखून सांगतो की आपण सोयीची उदाहरणे निवडली आहेत. जून २०२२ मध्ये पिस्तूल घेऊन सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांच्या घराजवळ पोचलेल्या तरुणाचा त्यांच्याशी कोणताही वैयक्तिक वाद नव्हता. गर्भपाताविषयीच्या निकालाचा मसुदा फुटला होता आणि एक न्यायमूर्ती संपवला तर न्यायालयाचा कल बदलेल, असे त्याला वाटले. नेमणूक आजन्म असते आणि एकेका जागेवर देशाचा कायदा फिरतो, म्हणूनच असा हिशेब कोणाच्या डोक्यात येऊ शकतो. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात स्कालिया ९८ विरुद्ध ० मतांनी आले आणि १९९३ साली गिन्सबर्ग ९६ विरुद्ध ३ मतांनी आल्या. जुलै २०२५ मध्ये आपल्याच न्यू जर्सीवर अधिकार असलेल्या थर्ड सर्किट या फेडरल अपील न्यायालयावर एमिल बोव्ह ५० विरुद्ध ४९ मतांनी आले. अशा न्यायाधीशाकडे निम्मा देश दुसऱ्या पक्षाचा माणूस म्हणून पाहणार, हे उघड आहे.

ओहायोवासी

घटनाप्रेमी, आपला इतिहास नेहमी १९८७ मध्येच का सुरू होतो? बोर्क यांची सुनावणी झाली, समितीत मतदान झाले, संपूर्ण सभागृहातही झाले आणि ते ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडले. विरोधात मत देणाऱ्यांत सहा रिपब्लिकनही होते. ओबामा यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या मेरिक गारलँड यांना २०१६ साली मत सोडाच, साधी सुनावणीही मिळाली नाही. निवडणुकीचे वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या, असे सांगून सेनेटमधील रिपब्लिकन नेते मॅकॉनेल यांनी जागा महिनोन् महिने रिकामी ठेवली. २०२० मध्ये मात्र गिन्सबर्ग १८ सप्टेंबरला वारल्या आणि त्यांच्या जागी बॅरेट यांना निवडणुकीच्या आठ दिवस आधी मंजुरी मिळाली.

घटनाप्रेमी

गारलँड यांच्यावर अन्याय झाला, हे मान्य. पण रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी अपील न्यायालयासाठी सुचवलेल्या मिगेल एस्त्रादा यांना २००३ साली फिलिबस्टर करून (म्हणजे चर्चा लांबवून मतदानच रोखून) माघार घ्यायला कोणी लावली? आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये खालच्या फेडरल न्यायालयांसाठी फिलिबस्टर मोडण्यासाठीची साठ मतांची अट डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी काढून टाकली. रिपब्लिकनांनी २०१७ साली तोच मार्ग सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, इतकेच.

ओहायोवासी

‘इतकेच’ हा शब्द आपल्याला फार स्वस्त वाटतो. रीड यांनी सर्वोच्च न्यायालय जाणूनबुजून वगळले होते. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांची नामांकने सरसकट अडवली जात असताना त्यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, ते सांगा. विषय बदलू नका.

पुण्याचा वकील

आपण दोघे ज्या सुनावणीवरून भांडता आहात, ती आम्हाला भारतात नशिबी नाही. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केला आणि न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची कॉलेजियम पद्धत कायम राहिली. पंचवीस वर्षे वकिली करूनही एखादे नाव का अडले, हे मला कधी कळलेले नाही. तेथे उमेदवाराला निदान उघड प्रश्न तरी विचारले जातात.

ओहायोवासी

उघड प्रश्नांना उघड उत्तरे मिळत नाहीत, वकीलसाहेब. उद्या माझ्यासमोर येऊ शकणाऱ्या प्रकरणावर मी बोलणार नाही, हे एकच वाक्य प्रत्येक उमेदवार पाठ करून येतो.

एडिसनकर

कोणी कोणाचे नामांकन कधी अडवले, याचा हिशेब आपण इतका वेळ मांडत आहात आणि त्या मुलाचे नाव एकानेही घेतलेले नाही, याचा मला मनस्वी राग आला आहे. न्यायाधीशांचे घरचे पत्ते काढून टाकण्याची सोय करणारा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला, त्याला डॅनियलचे नाव आहे. तरीही २०२५ मध्ये अनेक न्यायाधीशांच्या घरी, त्यांनी न मागवलेले पिझ्झा डॅनियलच्याच नावाने पाठवले गेले. तुमचे घर आम्हाला माहीत आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

मी नागरिकत्वाची शपथ एका फेडरल न्यायाधीशांसमोर घेतली. त्यांनी आपल्या आजीच्या स्थलांतराची गोष्ट सांगितली आणि आम्ही सगळे रडलो. त्यांची नेमणूक कोणत्या राष्ट्राध्यक्षांनी केली, हे मी आजतागायत शोधलेले नाही.

जागा रिकामी करण्यासाठी खून, हा घटनाप्रेमी यांचा मुद्दा मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. आजन्म नेमणुकीऐवजी अठरा वर्षांची मुदत ठेवली, तर हे आमिष कमी होईल. पण १४ जून २०२५ रोजी मिनेसोटात डेमोक्रॅट लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती मारले गेले, १० सप्टेंबरला युटात पुराणमतवादी कार्यकर्ते चार्ली कर्क मारले गेले, आणि या तिघांपैकी कोणीही न्यायाधीश नव्हते. त्यांचे मृत्यू आपण सेनेटच्या कोणत्या मतदानाशी जोडणार?

घटनाप्रेमी

जोडू शकत नाही. माझ्या लेखातील ‘आधी सेनेटला दोष द्यावा’ यातील ‘आधी’ हा शब्द मी मागे घेतो. मारेकऱ्याच्या आधी कोणाचाही क्रमांक लागत नाही. डॅनियलचा उल्लेख मी सुरुवातीलाच करायला हवा होता. बोर्क यांच्याविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही, आणि ओहायोवासी यांना एस्त्रादा यांच्याविषयी अजून उत्तर द्यायचे आहे.