मदत हवी आहे: अभ्यासिकेसाठी कंपनीचा निधी मिळत होता, सीएसआर-१ क्रमांकावर अडले

माणदेशी
आमच्या गावात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही अभ्यासिका चालवतो. जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीने टेबले, खुर्च्या आणि सौर दिव्यांसाठी सव्वातीन लाख रुपये देण्याचे मान्य केले होते. परंतु काल त्यांनी ‘सीएसआर-१ क्रमांक पाठवा, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ असे कळवले. (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी, म्हणजे सीएसआर, घेणाऱ्या संस्थेचा हा सरकारी नोंदणी क्रमांक असतो, असे समजले.) मुदत पंधरा दिवसांची आहे. हा क्रमांक त्वरित कसा मिळेल, एवढेच सांगावे.

दप्तरदार
संस्था नोंदणीकृत आहे का, केव्हापासून आहे आणि आयकर खात्याकडून १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) घेतले आहे का, हे आधी सांगा. त्यावाचून उत्तर देता येणार नाही.

माणदेशी
धर्मादाय आयुक्तांकडून ‘एफ’ क्रमांक (संस्थेचा नोंदणी क्रमांक) मिळून चौदा महिने झाले. आयकराचे काही केलेले नाही, कारण संस्थेला उत्पन्नच नाही.

दप्तरदार
उत्पन्न नसले तरी ही नोंदणी लागतेच. तुमच्यासारख्या संस्थेला १२ए आणि ८०जी या दोन्ही नोंदण्यांशिवाय सीएसआर-१ भरता येत नाही, आणि तुमचे काम आधीच सुरू असल्याने १०एबी हा आयकर नोंदणीचा अर्ज करावा लागेल, ज्याच्या निर्णयाला काही महिने लागू शकतात. पंधरा दिवसांत हे होणार नाही. शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही नियमात मागितला आहे.

पुस्तकमित्र
कंपन्यांच्या मागे लागण्यापेक्षा १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली वाचनालय म्हणून ‘ड’ (सर्वांत लहान) वर्गाची शासकीय मान्यता मिळवण्याचा प्रयत्न करा. अनुदान थोडे असले तरी दरवर्षीचे असते. आमचे वाचनालय त्यावरच उभे राहिले.

दप्तरदार
पुस्तकमित्र, त्यांच्याकडे पंधरा दिवस आहेत आणि त्यांना खुर्च्या हव्या आहेत. मान्यतेच्या वाटेला किती काळ लागतो, हे आपण स्वतः अनुभवले आहे.

पुस्तकमित्र
मान्य, तरीही एका कंपनीच्या देणगीवर अभ्यासिका चालत नाही, हे मी पुन्हा सांगेन. पुढच्या वर्षीचे वीजबिल कोण भरणार?

सातासमुद्रापार
परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गावकऱ्यांकडून निधी घेणार असाल, तर एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी घ्यावी लागते आणि तो पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम जमा व्हावा लागतो. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांची स्वतःच्या बचतीतली देणगी मात्र त्यात येत नाही, हे ध्यानात ठेवा.

माणदेशी
परदेशातून कोणीही देत नाही. तीन वर्षांविषयी मात्र विचारतो: नोंदणी चौदा महिन्यांची असली, तरी अभ्यासिका आम्ही २०१९ पासून चालवतो. ती वर्षे धरली जाणार नाहीत का?

हिशेबनीस
नियमातील अट तशा कामाच्या अनुभवाची आहे, त्यामुळे ती वर्षे मांडून पाहायला हरकत नाही. पण लेखापरीक्षित हिशेब नसतील तर कंपनीचे लेखापरीक्षक मान्य करतीलच असे नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. जागा कोणाची आहे?

माणदेशी
ग्रामपंचायतीचे समाजमंदिर आहे. हे महत्त्वाचे वाटले नाही म्हणून लिहिले नव्हते.

हिशेबनीस
तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. कंपनी सीएसआरचे काम मध्ये कोणतीही संस्था न घेता स्वतःही करू शकते, आणि अशा खर्चातून घेतलेली मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे ठेवण्याची मुभा नियमांत आहे. कंपनीने टेबले आणि दिवे थेट विक्रेत्याकडून घ्यावेत, ग्रामपंचायतीने ते आपल्या जडवस्तू नोंदवहीत घ्यावेत आणि तुमच्या संस्थेने अभ्यासिका चालवत राहावे. पैसा तुमच्या खात्यात येणारच नसेल, तर तुमच्या क्रमांकाची गरज उरत नाही. तरीही १०एबीचा अर्ज याच महिन्यात भरा, म्हणजे पुढच्या वेळी अडणार नाही.

दप्तरदार
हे माझ्या लक्षात आले नव्हते. मात्र सामान ग्रामपंचायतीचे होईल, हे सभासदांना आधीच स्पष्ट सांगा. उद्या पदाधिकारी बदलले की त्यावरूनच वाद होतात.

माणदेशी
कंपनीला आज हेच लिहून विचारले आणि त्यांनी ग्रामपंचायतीचा ठराव मागितला आहे. मासिक सभा येत्या गुरुवारी आहे. अभ्यासिका आमच्या संस्थेनेच चालवावी, हे वाक्य त्याच ठरावात यावे अशी माझी इच्छा आहे. कोणाकडे असा मसुदा असल्यास बुधवारपर्यंत येथे द्यावा, ही विनंती.