भुकेसाठी लायसिनचं सिरप द्यावं का?

प्रश्न: मुलगी ५ वर्षांची, वजन १६ किलो, शाकाहारी. जेवायला कंटाळते. लायसिनचं (प्रथिनांतल्या एका घटकाचं) सिरप सुरू करावं का? रोज किती लागतं?

उत्तर १: या वयात किलोमागे रोज साधारण ३५ मिलिग्रॅम, म्हणजे तिला ५६०. २०० मिली दुधातच ५०० च्या आसपास मिळतं. गहू-तांदळात लायसिन कमी, डाळी-कडधान्यांत भरपूर. वरण-भात, पोळी-उसळ खाल्ली की हिशेब जुळतो. नुसती तूप-साखर-पोळी असेल तर तूट येते.

उत्तर २: आधी बाटलीवरची घटकांची यादी वाचा. भुकेच्या बऱ्याच सिरपांत सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मुळात अ‍ॅलर्जीचं औषध. भूक त्याने लागते, श्रेय लायसिनला जातं! शिवाय मूल दिवसभर पेंगतं. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नकोच.

प्रश्नकर्ती: दूध मात्र पाऊण लिटर पिते.

उत्तर १: मग लायसिन मुबलक आहे, पोट दुधानेच भरतंय. ४०० मिलीवर आणा, तेही जेवणानंतर. दुधात लोह जवळजवळ नसतं. लोह घटलं की भूक मंदावते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या. हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली आलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

उत्तर २: आणि जेवणाआधी तासभर बिस्किटं बंद.