भाताच्या बांधावरचं गवत: जंगली सावा नक्की कसा ओळखावा?

रानवाट:
खाचराच्या कडेला गुडघ्याएवढं, झुबक्यानं वाढलेलं गवत आहे. पानांवर जांभळे आडवे पट्टे, तुऱ्याला कुसळं नाहीत. खालच्या पेरांना मुळं फुटली आहेत, म्हणजे बहुवर्षायू असेल का? जंगली सावा (इकायनोक्लोआ कोलोना) म्हणायचं, तर काय काय तपासू?

तृणमूल:
पट्टे बाजूला ठेवा. जंगली साव्याच्या काही रोपांवर ते असतात, काहींवर अजिबात नसतात. आधी जिभली, म्हणजे पात्याच्या बुडाशी आतल्या बाजूला असणारा पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर, बघा. पान हळूच मागे ओढा, म्हणजे पातं आणि खोडाला गुंडाळलेलं आवरण जिथे जुळतं तो सांधा उघडा पडेल. तिथे १० पट भिंग लावा. भिंग डोळ्याशी धरायचं आणि गवत भिंगाजवळ आणायचं, उलट केलं तर काहीच नीट दिसत नाही. साव्यात तिथे ना पापुद्रा, ना केसांची झालर, नुसता गुळगुळीत सांधा. भाताला लांब जिभली असते, शिवाय दोन्ही बाजूंना केसाळ कानही असतात. तुरा येण्याआधी दोन्ही वेगळे ओळखायची यापेक्षा खात्रीची खूण नाही. फक्त कोवळी, न फाटलेली पानं घ्या. जुन्या पानाची जिभली झिजून गेलेली असते आणि भातालाच सावा म्हटलं जातं.

मुळांवरून फसू नका. ओल्या मातीला टेकलेली पेरं मुळं धरतातच. झुबका उपटून बघा: जमिनीखाली आडवं खोड नाही, गेल्या वर्षीच्या वाळक्या पानांचे बुडखे नाहीत, तर ते वर्षायूच.

कणसाळ:
जिभली नाही यावरून इकायनोक्लोआ हा गट इतकंच ठरलं, त्यातली जात तुऱ्यावरून ठरवा. कोलोनाच्या फांद्या आखूड, साधारण १ ते ३ सेंमी, पोटफांद्या नसलेल्या आणि मुख्य दांड्याला टेकलेल्या. त्यांवर दाणे चार ओळींत दाटीनं बसलेले. सालीसकट दहा दाणे पट्टीवर टोकाला टोक लावून मांडा. २ ते ३ सेंमी भरले तर कोलोना. याच गटातल्या दुसऱ्या जातीचे, क्रस-गॅलीचे, दाणे मोठे, ३ ते ४ मिमी, बहुधा कुसळं असलेले, आणि तुऱ्याच्या खालच्या फांद्यांना पोटफांद्या. पण क्रस-गॅलीतही बिनकुसळाची रोपं सापडतात, म्हणून एकट्या कुसळावर निकाल देऊ नका.

रानवाट:
शेतात पेरतात त्या साव्यातून हे गवत उगवलेलं असू शकेल?

कणसाळ:
शक्य आहे, पिकाचा सावा कोलोनापासूनच घडला आहे. पिकलेला तुरा तळहातावर हलकेच आपटा. जंगलीचे दाणे झडतात, पिकाचे दांड्यालाच राहतात. पिकाचा तुरा जाड, गच्च आणि फांद्या आत वळलेल्या.

तृणमूल:
फोटो टाकाल तेव्हा तीन हवेत: मुळासकट अख्खं रोप, उघडलेला सांधा, आणि मिलिमीटरच्या पट्टीवर दाणे. नमुना दाबून ठेवणार असाल तर तुरा अर्धा हिरवा असतानाच काढा, पूर्ण पिकल्यावर कागदात नुसता दांडा उरतो.