योजनेत पेशंट हॉस्पिटल निवडतो का हॉस्पिटल पेशंटला निवडतं?

जतवाला:
आमच्या आबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री मिरजेला नेलं, अँजिओप्लास्टी सांगितली. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं, फुकट उपचाराचं कार्ड पुढं केलं तर म्हणले योजना आहे पण हार्टला नाही, हलवायचं तर तुमच्या जबाबदारीवर हलवा. रात्री अकराला कुठं हलवणार सांगा, सोनं गहाण ठेवून पैसे भरले. बाहेर बोर्ड तर केवढा मोठा लावलाय. आता ग्रामसभेत विषय घेणार हाय. सरकार म्हणतंय घरटी वर्षाला ५ लाखापर्यंत फुकट, यादीतलं हॉस्पिटल तुम्ही निवडा. मग योजना चालली का नाही हे मोजायचं कसं? दरवेळी किती कार्डं काढली तेवढंच वाचून दाखवतात.

मिरजेतली सिस्टर:
दादा, आबा कसे आहेत आता ते आधी सांगा. तुम्हाला सांगितलं ते खोटंच असेल असं नाही, हॉस्पिटल योजनेत येतं ते ठरावीक स्पेशालिटीपुरतं, आणि काही ऑपरेशनं तर सरकारी दवाखान्यालाच राखीव आहेत, तिथं निवडायचा प्रश्नच येत नाही. पण हे पेशंट दारात आल्यावर कळून काय उपयोग? आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतीचा माणूस, हॉस्पिटलात डेस्कवर असतो, त्याला "या आजाराला तुम्ही आहात का, नसाल तर जवळ कोण" असं सरळ विचारायचं, नाहीतर योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन. इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी घेता येते, कागद नंतर दिले तरी चालतात, हे नातेवाइकांना कुणी सांगतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कोयनाकाठ:
पाटणकडच्या वाड्यांत निवड म्हणजे कराड नाहीतर सातारा, तेपण एसटी मिळाली तर. २०१२ ला ही योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा पिवळं केशरी कार्ड बघायचे, आता रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत, ही मोठी गोष्ट झाली हे मान्य करायलाच पाहिजे. पण कार्ड सगळ्यांना मिळालं म्हणून निवड मिळाली असं होत नाही ना. कार्डं मोजू नका, माणसं मोजा. गावातनं वर्षात कोण कोण ॲडमिट झालं, पहिल्यांदा कुठं गेले, तिथनं किती जणांना परत लावलं, कार्ड असून खिशातनं किती गेले. आणि म्हाताऱ्यांचं वेगळं लिहा, ७० आणि त्यावरच्यांना २०२४ पासनं फुकट उपचाराचं वेगळं वय वंदना कार्ड आहे पण पोरं पुण्या-मुंबईला, सोबत जायला माणूस नसला की त्या कार्डावर हॉस्पिटल निवडणार कोण? डिस्चार्जला परतीचं एसटी भाडं पॅकेजात, म्हणजे योजना हॉस्पिटलला देते त्या ठरलेल्या खर्चात, धरलेलं असतं तेपण विचारा, आमच्याकडं कुणी मागितलेलं ऐकलं नाही.

जतवाला:
आबा बरे हायत ताई, चालायला लागलेत. दादा तुमचं पटलं, आजपासनं घरोघरी वही घेऊन फिरतोय, आमच्या गल्लीतच सहा घरं निघाली, त्यातल्या चौघांना "योजनेत बसत नाही" एवढंच सांगितलेलं, का ते कुणालाच माहीत नाही. आशाताई पण येते म्हणल्या सोबत. ते फोनवरच्या मंजुरीचं मोठ्या अक्षरात लिहून चावडीवर लावतो.