मुद्देमाल म्हणजे चोरीचा माल नव्हे

परवा भाचीने पेपर वाचता वाचता विचारलं, मावशी, मुद्देमाल म्हणजे चोरीचाच माल ना? मी आधी हो म्हणून टाकलं आणि मग दिवसभर ते डोक्यातून जाईना, कारण हो म्हणणं चूक होतं आणि ते चूक आहे हे मला आमच्या घरातल्याच एका प्रकरणातून चांगलं माहितीये.

आधी शब्द बघू. मुद्दा हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, आणि दावा, मुद्दई, मुद्दा हे तिन्ही एकाच धातूचे. दावा करणारा तो मुद्दई, ज्याच्याबद्दल दावा केलाय तो मुद्दा. जुन्या कोर्टाच्या कागदांत प्रतिवादीला मुद्दालेह म्हणायचे तेही ह्यातलंच. म्हणजे मुद्देमाल हा ज्याच्यावरून खटला उभा राहिलाय तो माल. तो वाईटच असेल, बेकायदाच असेल असं शब्दात कुठेही नाहीये. गुजरातीत मुद्दामाल म्हणतात, हिंदीवाले पोलीस माल मुकदमाती म्हणतात, तिथे तर खटल्याचा माल हा अर्थ सरळच दिसतो.

मग आपल्याला तो चोरटा माल का वाटतो? बातम्यांमुळे. रोज वाचतो ना, गुटख्याचा टेम्पो पकडला, अमुक लाखांचा मुद्देमाल जप्त. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे त्यामुळे गुटखा बेकायदा हे खरंच, पण ती बातमी शेवटपर्यंत वाचा. समजा तीन लाखांचा गुटखा आणि पाच लाखांचा टेम्पो असेल तर हेडिंगमध्ये आठ लाखांचा मुद्देमाल येतो. टेम्पो काही बेकायदा वस्तू नाही, कदाचित दुसऱ्याच कुणाच्या नावावर कर्ज काढून घेतलेला असेल, पण तो गुन्ह्यात वापरला म्हणून मुद्देमाल. जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडला की पत्ते, रोख रक्कम, खेळणाऱ्यांचे मोबाईल आणि बाहेर लावलेल्या मोटारसायकली हे सगळं एकाच बेरजेत जातं. म्हणून आकडा बघून लगेच केवढा माल पकडला असं म्हणू नये, आधी त्यात गाड्या किती ते बघावं.

दुसरी एक गंमत पेपरवाल्यांच्या भाषेत आहे. चोरी होते तेव्हा ऐवज लंपास होतो आणि चोर सापडला की मुद्देमाल हस्तगत होतो. वस्तू तीच, पाटल्या त्याच. ऐवज म्हणजे मुळात बदला, मोबदला, त्यावरूनच आपलं 'च्या ऐवजी'. पैशाच्या बदल्यात ठेवता येईल असा किमती जिन्नस तो ऐवज. म्हणजे घरातून जाताना वस्तूला मोल आहे आणि पोलिसांच्या हाती लागताना तिला खटला आहे, हा फरक रोजच्या साध्या बातमीदाराच्या मराठीने किती नेमका धरून ठेवलाय बघा. घबाड वेगळं, ते अचानक मिळालेलं मोठं धन, पंचांगात घबाड मुहूर्त असतो तो शुभ. लाचखोराच्या घरी घबाड सापडलं असं लिहितात ते मला पटत नाही, तिथे मुद्देमालच हवा.

आता घरातलं सांगते. आईचं मंगळसूत्र संध्याकाळी फिरायला गेली असताना ओढून नेलं. तीनेक महिन्यांनी चोर सापडला, पोलीस स्टेशनवर ओळखायला बोलावलं. कागदावर लिहिलं होतं 'एक पिवळ्या धातूचे मंगळसूत्र त्यात काळे मणी, जु.वा.किं.अं.' आणि पुढे आकडा. जु.वा.किं.अं. म्हणजे जुनी वापरती किंमत अंदाजे. आईला पिवळा धातू हे फार लागलं, म्हणाली सोनं आहे ते, तुझ्या आजोबांनी दोन वर्षं पैसे साठवून केलंय. तिथला हवालदार समजूतदार होता, म्हणाला आजी आम्ही सोनार नाही, डोळ्याला दिसतं तेवढंच पंचनाम्यात लिहायचं. मला ते पटलं, आईला नाही पटलं. मंगळसूत्र एका लिफाफ्यात, वर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि गुन्ह्याचा नंबर. ते मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरला चढलं होतं, तिथून हातात द्यायला कोर्टाचा हुकूम लागतो. चोराकडून मिळून आलं तरी लगेच मिळत नाही हे माहीतच नव्हतं आम्हाला.

ह्या मुद्देमाल खोल्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच गुजरातच्या एका प्रकरणात बजावलंय की माल आणि गाड्या वर्षानुवर्षं पोलीस स्टेशनात पडू देऊ नका, फोटो काढा, पंचनामा करा, हमी घ्या आणि परत द्या. तो विषय निघाला तोच मुळी पोलिसांनीच मुद्देमालातल्या वस्तू बदलल्याच्या आरोपातून. १ जुलै २०२४ ला नवी नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा, लागू झाली तिच्या कलम ४९७ मध्ये तर कोर्टाने चौदा दिवसांत मालाचं वर्णन करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढून घ्यायचे आणि त्यानंतर तीस दिवसांत काय ते ठरवायचं असं लिहिलंय. फार चांगलं झालं, आमच्या वेळी असतं तर आईच्या चार खेपा वाचल्या असत्या.

आता भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. कायद्यात चोरीच्या मालाची व्याख्या आहे, जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ४१०, आता न्याय संहितेत ३१७. त्यात स्पष्ट आहे की वस्तू हक्काच्या माणसाच्या ताब्यात परत आली की ती चोरीची मालमत्ता राहत नाही. म्हणजे कोर्टाच्या हुकमानंतर सुपूर्तनाम्यावर, वस्तू ताब्यात घेताना लिहून द्यायच्या हमीवर, सही करून आईने लिफाफा पर्समध्ये घातला त्या क्षणी ते मंगळसूत्र चोरीचं उरलं नव्हतं. पण मुद्देमाल होतंच! कारण सुपूर्तनाम्यात लिहून दिलेलं की कोर्ट सांगेल तेव्हा हजर करीन, विकणार नाही, मोडणार नाही, रूप बदलणार नाही.

ओढताना फासा तुटला होता. सोनाराकडे न्यायचं तर वकील म्हणाले आधी विचारून घेऊ, उगाच साक्षीच्या वेळी प्रश्न नको. आईने काळ्या दोऱ्याने गाठ मारली आणि निकाल लागेपर्यंत, म्हणजे पुढची चार वर्षं, ते तसंच गळ्यात घातलं.